‘रन’चे अर्थ पाठ करू नका, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा

तुमचा प्रश्न मुळात असा होता: “मी २०१६ साली चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर म्हणून कामाला लागलो. आता शिफ्ट सुपरवायझर झाल्यापासून परदेशी ग्राहकाचे मेल थेट माझ्याकडे येतात. एकेक मेल वाचायला अर्धा तास लागतो. परवाच्या मेलमध्ये एका ओळीत चार वेळा ‘रन’ होतं आणि मला काही अर्थ लागला नाही. ऑफिसमधल्या मुलाला विचारलं तर तो हसला, ते फार लागलं. शाळेत रन म्हणजे पळणे एवढंच शिकलो होतो. इंटरनेटवर बघितलं तर या शब्दाला ६४५ अर्थ आहेत म्हणे. रोज दहा पाठ केले तरी दोन महिने लागतील. तेच करू की दुसरा काही मार्ग आहे?”

आणि ती ओळ अशी: “प्लीज डू अ ड्राय रन बिफोर यू रन द लॉट, अँड लेट मी नो इफ यू रन इंटू एनीथिंग ऑर रन शॉर्ट.”

मी सव्वीस वर्षं पुण्यात तांत्रिक भाषांतराचं काम करतो. पंप, कॉम्प्रेसर, ट्रॅक्टर, लेथ यांची इंग्रजी माहितीपत्रकं मराठीत आणायची, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे ‘रन’ या शब्दाशी माझी गाठ जवळजवळ दररोज पडते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर पाठांतर नको. पण तेवढ्याने तुमचं समाधान होणार नाही आणि होऊही नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या ६४५चा धसका काढून टाकू. हा आकडा खोटा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’ या एका क्रियापदावर सुमारे नऊ महिने काम केलं आणि ६४५ अर्थ वेगळे काढले. २०११ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आली आणि तेव्हापासून ती फिरते आहे. त्याआधी हा मान ‘सेट’ या शब्दाचा होता. १९८९ साली त्याच कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा ‘सेट’चे ४३० अर्थ दिले होते. पण हा कोश कशासाठी आहे ते लक्षात घ्या. शब्दाचा जन्मापासून आजपर्यंतचा सगळा इतिहास त्यात नोंदवलेला असतो. सहाशे वर्षांपूर्वी वापरात असलेला आणि आज कुणालाच माहीत नसलेला अर्थही त्यात मोजला जातो. शिवाय अर्थ मोजणं हे बरंचसं कोशकाराच्या हातात असतं. ‘नदी वाहते’, ‘नाक वाहतं’ आणि ‘नळ वाहतो’ हे तीन अर्थ धरायचे की एक? कुणी तीन धरेल, कुणी एक. ६४५ हा आकडा म्हणजे एका जाणत्या माणसाने एका ढिगाचे किती वाटे केले त्याची नोंद आहे. तेवढे वाटे तुमच्या डोक्यात असण्याची काही गरज नाही, इंग्रजांच्याही डोक्यात ते नसतात.

आता तुमचाच प्रश्न पुन्हा वाचा. कामाला लागलो. अर्धा तास लागतो. अर्थ लागला नाही. ते फार लागलं. दोन महिने लागतील. एका परिच्छेदात तुम्ही पाच वेळा ‘लागणे’ वापरलंत, आणि कामाला लागण्यातलं लागणं, वेळ लागण्यातलं लागणं, अर्थ लागण्यातलं आणि मनाला लागण्यातलं, ही चारही निराळी आहेत. वाचताना मला कुठेही अडखळायला झालं नाही आणि लिहिताना तुम्हालाही झालं नसणार. आणखी हवं तर आंबा गोड लागतो, ठेच लागते, भूक लागते, दिवा लागतो, झाडाला फळ लागतं, दार लागतं, निकाल लागतो, मुलीचं लग्न लागतं, दही लागतं, एखाद्याला व्यसन लागतं, तो आमचा नात्याने मामा लागतो. हे तुम्हाला कुणी यादी करून पाठ करायला लावलं होतं? आईच्या तोंडून ‘भूक लागली का रे’ ऐकलं आणि भूक व लागणे ही जोडीच डोक्यात बसली. ‘लागणे’चा अर्थ वेगळा असा कधी शिकावाच लागला नाही.

तुमची खरी अडचण इथे आहे, असं मला वाटतं. शाळेत आपल्याला इंग्रजी शब्द एकएकटा दिला गेला. डावीकडे ‘रन’, उजवीकडे ‘पळणे’, मध्ये बरोबरची खूण. त्या बरोबरच्या खुणेने फार नुकसान केलंय. मराठीत आपण शब्द जोडीने शिकतो आणि इंग्रजीत सुटा शिकतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. ‘रन’ हा असा पवळ्या आहे. ज्याच्या शेजारी बांधाल त्याचा गुण त्याला लागतो. पंपाशेजारी एक, नदीशेजारी दुसरा, हॉटेलशेजारी तिसरा. जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५७ साली जवळपास हेच सांगितलं की शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा. हे फर्थ त्याआधी, १९१९ ते १९२८, लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते.

मग संगत बघायची म्हणजे नेमकं काय करायचं? मी स्वतः ‘रन’ दिसलं की आधी वाक्याचा कर्ता शोधतो. कोण रन होतंय? माणूस असेल तर पळत असेल किंवा काहीतरी चालवत असेल. यंत्र असेल तर चालतंय. पाणी, तेल, कूलंट (कापताना टूल थंड ठेवणारं द्रव) असेल तर वाहतंय. केबल, पाइप किंवा रस्ता असेल तर तो इकडून तिकडे गेलेला आहे. ‘द केबल रन्स अंडर द फ्लोअर’ म्हणजे केबल फरशीखालून गेली आहे, कुणीही पळत नाही. करार किंवा वॉरंटी असेल तर ती अमुक तारखेपर्यंत आहे. कपड्याचा रंग असेल तर तो जातो. एखादा आजार असेल आणि पुढे ‘इन द फॅमिली’ असेल तर तो घराण्यात आहे. कर्ता सापडला की अर्धं काम होतं, कारण यंत्र काय करतं आणि पाणी काय करतं हे तुम्हाला इंग्रजी न येताही ठाऊक आहे.

यानंतर बघायचं ते कर्म आहे का. इथे जरा थांबतो, कारण मराठी माणूस सर्वांत जास्त इथेच चकतो आणि याचं कारण समजलं की मोठा गुंता सुटतो. मराठीत ‘चालणे’ वेगळं आणि ‘चालवणे’ वेगळं. मशीन चालतं, ऑपरेटर ते चालवतो. पडणे-पाडणे, बसणे-बसवणे, पळणे-पळवणे. स्वतः करणं आणि दुसऱ्याकडून करवणं यांची आपण रूपंच निराळी ठेवली आहेत. जुन्या इंग्रजीतही असं होतं. आपोआप धावण्या-वाहण्याचं एक क्रियापद होतं आणि धावायला लावण्याचं दुसरं. पुढे ती दोन्ही एकमेकांत मिसळली आणि आजचं ‘रन’ तयार झालं. म्हणून ‘द मशीन रन्स’ आणि ‘ही रन्स द मशीन’ यांत क्रियापद तेच राहतं. पुढे कर्म आलं की मनात ‘वणे’ जोडायचं. चालणेचं चालवणे झालं. हॉटेल चालवतो, शाळा चालवते, प्रोग्रॅम चालवा, चाचणी घ्या, बातमी छापा. हे सगळं ‘रन’च्या त्या दुसऱ्या अर्ध्यातून येतं.

काही जोड्या इंग्रजीने अजून वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि त्यांत ‘सेट’ येतो. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे मुळात बसवणे. एवढं धरून ‘सेट’कडे बघा. सोनार अंगठीत खडा बसवतो, इंग्रजीत तो खडा सेट करतो. हाडवैद्य सरकलेलं हाड बसवतो, इंग्रज डॉक्टर हाड सेट करतो. तुम्ही मशीनवर टूल बसवता, ते सेट करता. मराठी ‘बसवणे’ आणि इंग्रजी ‘सेट’ यांची अशी गाठ किती ठिकाणी पडते ते बघून मला आजही आनंद होतो. सगळीकडे पडत नाही. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, तिथे ‘सेट’ चालणार नाही. आणि इंग्रजीत सूर्य सेट होतो, तो आपल्याकडे मावळतो. ४३० अर्थांच्या या जंगलात शिरताना हातात एक मराठी कंदील आहे, एवढं मात्र नक्की.

पुन्हा ‘रन’कडे येतो. तुमच्या मेलमधल्या ‘रन शॉर्ट’सारख्या ठिकाणी ‘रन’च्या पुढे एखादं विशेषण असतं. रन ड्राय, रन लो, रन शॉर्ट, रन हॉट, रन लेट. अशा वेळी ‘रन’चं स्वतःचं वजन फार कमी असतं आणि सगळा अर्थ पुढच्या शब्दात असतो. विहीर रन ड्राय झाली म्हणजे आटली. बेअरिंग रनिंग हॉट म्हणजे बेअरिंग तापतंय. रनिंग लेट म्हणजे उशीर होतोय. रन शॉर्ट म्हणजे कमी पडणे. आणि हे ‘कमी पडणे’ही बघा, त्यात तरी कोण कुठून पडतं? आपल्या ‘पडणे’ने तिथे जे काम केलंय तेच इंग्रजांच्या ‘रन’ने केलंय.

चौथी गोष्ट म्हणजे मागून येणारा चिमुकला शब्द. आउट, इंटू, ओव्हर, थ्रू, बाय, डाउन. हे शब्द ‘रन’ला चिकटले की दोघांचा मिळून एक नवा शब्द होतो, आणि तो सुटा करून बघण्यात अर्थ नसतो. ‘रन इंटू अ प्रॉब्लेम’ म्हणजे अडचण येणे. ‘रन थ्रू द चेकलिस्ट’ म्हणजे यादी वरून खाली एकदा नजरेखालून घालणे. ‘रन इट बाय मी’ म्हणजे करण्याआधी मला एकदा विचार, दाखव. ‘रन द नंबर्स’मध्ये असा चिमुकला शब्द नाही, पण तीही पक्की जोडी आहे: हिशेब मांडून बघ. या जोड्या मात्र लक्षात ठेवाव्या लागतात. पण त्या ६४५ नाहीत. तुमच्या कामात वीस-पंचवीस येत असतील, आणि दोन महिन्यांचे मेल चाळलेत तर बहुतेक सगळ्या सापडतील.

यात ‘रन आउट’वर खास लक्ष ठेवा, कारण तुमच्या धंद्यात तो घोटाळ्याचा शब्द आहे. क्रिकेटमधला रनआउट म्हणजे धावबाद. माल रन आउट झाला म्हणजे संपला. आणि तुम्ही डायल लावून शाफ्टचा जो रनआउट बघता तो म्हणजे शाफ्ट फिरताना जागेवरून किती हलतो ते. आता इन्सर्टबद्दल, म्हणजे टूलला बसवायच्या कापणाऱ्या पात्याबद्दल, तुम्ही घाईत मेल लिहिलात, ‘इन्सर्ट रन आउट’. समोरच्याने काय समजायचं, इन्सर्ट संपले की बसवलेला इन्सर्ट फिरताना हलतोय? फोनवर बोलताना कानाला एक फरक कळतो. संपणे हा अर्थ असेल तर जोर ‘आउट’वर पडतो, मोजमापाचा रनआउट असेल तर जोर ‘रन’वर पडतो. लिहिताना ही सोय नाही. तिथे पूर्ण वाक्य लिहायचं: आमच्याकडचे इन्सर्ट संपले आहेत, किंवा रनआउट ०.०४ मिमी येतोय.

इथवर जे सांगितलं ते परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. ग्राहक कुठला आहे यावर फरक पडतो. निवडणूक लढवण्याला अमेरिकन माणूस ‘रन’ म्हणतो, इंग्रज ‘स्टँड’ म्हणतो. आपणही उमेदवार ‘उभा राहिला’ म्हणतो. ग्राहकाची मातृभाषाच इंग्रजी नसेल तर तो आपल्या भाषेतल्या सवयी इंग्रजीत आणतो, जसं आपण आणतो. यंत्राबद्दल बोलताना इंग्रज ‘रन’ म्हणजे धावणं म्हणतो. जर्मन माणूस ‘लाउफेन’ म्हणतो, त्यात धावणंही आहे आणि चालणंही. फ्रेंच माणूस ‘मार्शे’ म्हणतो, म्हणजे थेट आपल्यासारखं चालणं. आणि आपण जिथे ‘चालेल’ म्हणतो तिथे तोही ‘सा मार्श’ म्हणतो. त्यामुळे मेल लिहिणारा कोण आहे हे माहीत करून घेतलं तर त्याच्या विचित्र वाटणाऱ्या वाक्यांचाही माग लागतो.

दुसरं, तुम्हाला फक्त वाचायचं आहे की लिहायचंही आहे, यावरही ठरतं. वाचायला समजलं की पुरतं. लिहिताना मी तर शक्य तिथे ‘रन’ टाळतो आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या सुपरवायझर मंडळींनाही तेच सांगतो. शिफ्ट बदलताना वहीत ‘लाइन नॉट रन’ असं लिहिलेलं मी किती कारखान्यांत पाहिलं असेल. लाइन सुरूच केली नाही, की सुरू होऊन बंद पडली, की मुद्दाम बंद ठेवली? पुढच्या शिफ्टच्या माणसाला यातलं नेमकं एकच कळायला हवं असतं. ‘स्टॉप्ड ॲट ३.४०’ किंवा ‘नॉट स्टार्टेड, नो मटेरियल’ लिहिलं तर प्रश्नच उरत नाही. अनेक अर्थांचा शब्द वाचताना संगत बघायची. लिहिताना त्या जागी एकच अर्थ असलेला शब्द मिळतो का ते बघायचं.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगतो, कारण ती नेमकी तुमच्या ओळीतल्या पहिल्या दोन शब्दांची आहे.

या कामात मी नवा होतो. शेतीपंपाचं माहितीपत्रक मराठीत करायचं होतं. एका पानावर ठळक अक्षरांत इशारा होता, ‘नेव्हर रन द पंप ड्राय’. मी लिहिलं, ‘पंप कधीही कोरडा चालवू नका’. सात-आठ पानं पुढे कंट्रोल पॅनलची जोडणी होती आणि तिथे सूचना होती की मोटर जोडण्याआधी पॅनलचा ‘ड्राय रन’ घ्या. मी लिहिलं, ‘आधी एकदा कोरडे चालवून पाहा’. माहितीपत्रक छापून झालं. काही दिवसांनी कंपनीचे एक जुने सर्व्हिस मेकॅनिक ते हातात घेऊन माझ्या घरी आले. आवाज न चढवता त्यांनी दोन्ही पानं समोरासमोर धरली आणि म्हणाले, “साहेब, इथे म्हणता कोरडा चालवू नका, आणि इथे म्हणता आधी कोरडा चालवून बघा. शेतकऱ्याने काय करायचं?” मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. पंपाच्या आतल्या मेकॅनिकल सीलला थंडावा आणि वंगण दोन्ही पाण्यानेच मिळतं. पाणी नसताना पंप फिरला की सील थोड्याच वेळात जळतं. पहिल्या पानावरचं ‘ड्राय’ म्हणजे खरोखर पाणी नसणं. दुसऱ्या पानावरच्या ‘ड्राय’चा पाण्याशी संबंधच नव्हता. मोटर न जोडता, भार न देता, पॅनलमधला स्टार्टर आणि रिले क्रमाने चालतात का, त्याची ती रंगीत तालीम होती.

ते माहितीपत्रक मागे घेऊन नव्याने छापावं लागलं. मला आजही वाटतं की त्या मेकॅनिकनी ते वेळेवर आणून दाखवलं नसतं तर एखाद्या शेतकऱ्याची ऐन हंगामातली मोटर माझ्या एका शब्दापायी गेली असती. दोन्ही ठिकाणी मी ‘ड्राय’ म्हणजे कोरडा आणि ‘रन’ म्हणजे चालवणे असं भाषांतर केलं होतं, आणि शब्दकोशात बघितलं तर दोन्ही बरोबरच होतं. चूक होती ती शेजारी न बघण्यात. नव्या छपाईत पहिल्या जागी ‘पाणी नसताना पंप चालवू नका’ आणि दुसऱ्या जागी ‘मोटर न जोडता पॅनलची चाचणी घ्या’ असं गेलं. तेव्हापासून एक नियम मी कधी मोडलेला नाही: यंत्राचं भाषांतर छापायला देण्याआधी ते यंत्र हाताळणाऱ्या माणसाला वाचून दाखवायचं. पुढे पंपाच्या पॅनलवर ‘ड्राय रन प्रोटेक्शन’ आलं आणि शेतकरी आज तो शब्द सहज बोलतात, ‘मोटर ड्राय रनला ट्रिप झाली’ म्हणतात. त्यांना तो कुणी शब्दकोशातून शिकवला नाही. विहिरीतलं पाणी गेलं की पॅनलवर तो दिवा लागतो, एवढं पुरलं.

तुम्हाला हे सांगण्याचं कारण असं की या बाबतीत तुमची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे. मला यंत्र शिकावं लागलं, तुम्हाला ते येतं. मेलमधलं वाक्य मशीनबद्दल आहे आणि मशीन तुमच्या हाताखालचं आहे. त्या हसणाऱ्या मुलाला कदाचित ‘रन इंटू’ माहीत असेल, पण शाफ्टचा रनआउट म्हणजे काय ते त्याला तुम्हालाच विचारावं लागेल.

‘रन’ मनात कायमचं बसावं म्हणून एक गोष्ट मला स्वतःला फार उपयोगी पडली, ती म्हणजे आपल्याच भाषेत तो कुठेकुठे येऊन राहिलाय ते बघणं. क्रिकेटमधल्या ‘रन’ला आपण धाव म्हणतो. विमान धावपट्टीवरून सुटतं. लोकल उशिराने धावते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली तिच्याबद्दलही आपण ‘धावली’ असंच लिहितो. शिवणकामात इंग्रज ज्याला ‘रनिंग स्टिच’ म्हणतात तो आपला धावदोरा. तिथे आपण ‘रन’ला धावणं म्हटलं. पण यंत्र आलं, दुकान आलं, शाळा आली की आपण धावणं सोडून चालणं घेतलं. फर्निचरवाला सुतार ‘रनिंग फूट’ म्हणतो, तिथे तो शब्द तसाच ठेवला, कारण नुसती लांबी मोजायची, रुंदी नाही, हे त्या दोन शब्दांत चटकन येतं. आणि ‘चालू’ हा शब्द घ्या: चालू खातं, चालू महिना, चालू पंखा, आणि एखादा माणूस ‘फार चालू आहे’. हा शेवटचा ‘चालू’ एखाद्या परदेशी माणसाला समजावून सांगायला बसा, म्हणजे ‘रन’बद्दलचा तुमचा न्यूनगंड पार निघून जाईल.

आता पाठांतराऐवजी काय करायचं ते सांगतो. एक वही घ्या. शेवटच्या दोन-तीन महिन्यांचे मेल उघडा आणि जिथे जिथे ‘रन’ आलंय ते पूर्ण वाक्य उतरवून काढा. शब्द उतरवायचा नाही, वाक्य उतरवायचं. त्याखाली तेच वाक्य तुम्ही मशीनपाशी उभे राहून तुमच्या माणसाला कसं सांगाल, ते मराठीत लिहा. पुस्तकी मराठी नको. ‘वी आर रनिंग लो ऑन इन्सर्ट्स’च्या खाली ‘इन्सर्ट संपत आलेत’ एवढंच. ‘द सेकंड शिफ्ट रन्स फ्रॉम टू टू टेन’च्या खाली ‘दुसरी पाळी दोन ते दहा’. बघा, मराठीत इथे क्रियापदच लागलं नाही. जिथे अर्थ लागत नाही तिथे ‘रन’ झाकून वाक्य वाचा आणि त्या रिकाम्या जागी दुसरं कुठलं क्रियापद बसेल ते मनाशी म्हणा. दहातल्या आठ वेळा ते आपोआप सुचतं. उरलेल्या दोन वेळा शब्दकोश उघडा, पण इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला लहान कोश, ज्यात प्रत्येक अर्थापुढे वाक्य दिलेलं असतं. मोठा ऑक्सफर्ड कोश मी स्वतः वाचतो तो आवडीसाठी. काम करताना तो उघडत नाही.

तुमच्या ओळीबद्दल सांगायचं राहिलं. ‘रन द लॉट’ म्हणजे पूर्ण लॉट काढणे. पुढे कर्म आहे म्हणून ‘चालवणे’च्या घरातला अर्थ. ‘रन इंटू एनीथिंग’ म्हणजे काही अडचण आली तर. ‘रन शॉर्ट’ म्हणजे काही कमी पडलं तर. राहिला ‘ड्राय रन’. सीएनसीवर काम करणाऱ्याला हे मी शिकवायला नको. फानुक या कंपनीच्या सीएनसी पॅनलवर त्या नावाची सोयच असते. ती चालू केली की प्रोग्रॅममधला फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, बाजूला राहतो आणि टूल वेगळ्या ठरवलेल्या वेगाने सरकतं, म्हणून जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, काढून ठेवूनच ती वापरायची. तुम्ही त्याला एअर कटिंगही म्हणत असाल. ग्राहकाला बहुधा हेच हवंय: प्रत्यक्ष न कापता प्रोग्रॅम एकदा फिरवून बघा. मराठीत तुमच्या माणसांना सांगायचं तर, “आधी जॉब न लावता प्रोग्रॅम एकदा फिरवून घ्या, मग लॉट काढा, काही अडलं किंवा मटेरियल कमी पडलं तर लगेच सांगा.”

‘बहुधा’ मी जपून लिहिलंय. ‘ड्राय’चा तुमच्या शॉपवर आणखी एक अर्थ आहे, कूलंट न सोडता कापणे, आणि काही धातू खरोखरच तसे कापतात. एखादा ग्राहक ‘ड्राय रन’ म्हणताना ‘कूलंटशिवाय एक पीस काढून बघा’ असंही म्हणत असू शकतो. मेलमध्ये धातू कोणता, आधीचं बोलणं काय झालंय, हे मला माहीत नाही, तुम्हाला आहे. तरी शंका राहिली तर विचारून टाका. मेल तयार करून देतो, हवा तर असाच पाठवा: “बाय ड्राय रन, डू यू मीन रनिंग द प्रोग्रॅम विदाउट अ वर्कपीस, ऑर कटिंग वन पीस विदाउट कूलंट?” यात कुणी हसण्यासारखं काही नाही. काम जाणणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे तो, आणि समोरच्यालाही वाचताक्षणी ते कळेल. उत्तर काय येतं ते इथे जरूर लिहा.